निपाणीकरांच्या बाजूला बसून

आमच्या गल्लीची फुटबॉल टीम बाहेरगावी खेळायला निघाली की सकाळी विहारापुढं दोन ट्रॅक्स गाड्या येऊन उभ्या राहतात. एकीत खेळाडू बसतात आणि दुसरीत आम्ही, म्हणजे नुसते ओरडणारे. मी सरकारी मराठी शाळेत शिकवते, वय पन्नाशीला आलंय, तरी त्या दुसऱ्या ट्रॅक्समधली खिडकीची जागा माझी असते आणि तिच्यावर बसायची कुणाची छाती होत नाही. सातवीच्या वर्गात रोज घसा ताणून माझा आवाज असा काही कमावला गेलाय, की गल्लीतली पोरं म्हणतात, मॅडम येणार असतील तर ढोल कशाला वाहून न्यायचा.

गेल्या हिवाळ्यात निपाणीच्या मॅचला मात्र मी त्या ट्रॅक्समध्ये नव्हते. टीमचा लाल-काळा टी-शर्ट घरी ठेवून, शाळेला नेसते तसली साधी सुती साडी नेसून, मी बसनं गेले. आणि मॅच संपेपर्यंत तोंडाला कुलूप लावून बसायचं कबूल करून गेले. ते कबूल करून घेणारा माझा थोरला भाऊ. त्याला मी अण्णा म्हणते, आणि गल्लीही अण्णाच म्हणते.

अण्णा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत आयुष्यभर साचे भरत होता. रविवारी आमच्या टीमचा गोलकीपर. खेळणं सुटल्यावर त्यानं गल्लीतल्या निम्म्या पोरांना गोलात उभं राहायला शिकवलं. त्याचं शिकवणं म्हणजे शिव्याच असायच्या. गोल खाऊन आलेल्या पोराला तो सगळ्यांदेखत असा सोलून काढायचा, की ते पोरगं आठवडाभर त्याच्या घरावरून जायचं नाही. पण पुढल्या वेळी तीच चूक करायचंही नाही. पुढं अण्णाची साखर वाढली, त्यानं औषधाचा कंटाळा केला, आणि डोळे गेले. आधी अंधूक झालं, मग उजेड आणि सावली एवढंच उरलं, आणि आता तेही नाही.

डोळे गेल्यावरही तो मैदानावर यायचा थांबला नाही. घरच्या मैदानावर पायरीवर मी त्याच्या शेजारी बसायची आणि मॅच सांगायची. मी सांगायची, मागचा सांगायचा, पुढचा मान वळवून सांगायचा. सगळ्यांचं अण्णावर प्रेम. एक मात्र झालं, ते कुणी ठरवून केलं नव्हतं. अण्णा शेजारी आहे म्हटलं की सगळ्यांची जीभ मऊ व्हायची. त्याचा मुलगा, माझा भाचा, आता गोलात उभा राहायला लागला होता. त्यानं गोल खाल्ला की आम्ही म्हणायचं, "लई जोरात मारला वो त्यानं, कुणाच्या बापाला घावला नसता." त्यानं साधा बॉल धरला तरी आम्ही टाळ्या पिटायचो. आंधळ्या बापाला त्याच्याच पोराची चूक सांगायला कुणाचं मन धजेल? माझं तरी नाही धजलं.

हे असं कितीही दिवस चाललं असतं. पण दिवाळीनंतर दोन गोष्टी एकदमच झाल्या. फौंड्रीच्या मालकानं अण्णाच्या जुन्या चाकरीची आठवण ठेवून पोराला मशीनवर जागा देऊ केली, आणि लगेच ये म्हणून सांगितलं. आणि बेंगळूरच्या एका क्लबनं पोराला बोलावलं. तिथंच राहायचं, खेळायचं, कॉलेज पण तिथंच. पगार काही नाही, पुढचं पुढं. एक धरली की दुसरी सुटणार होती. वहिनी म्हणाली, डोळ्यासमोरची भाकरी टाकून कुठं जातोय. पोरगं म्हणालं, अण्णा म्हणतील ते. सगळ्यांनी अण्णाच्या तोंडाकडं बघायचं.

 तिसऱ्या दिवशी अण्णानं मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "धाकटे, खरं सांग. पोरगं खरंच चांगलं खेळतंय का?"

"म्हणजे काय अण्णा? लई भारी खेळतंय की."

"बघ. लगीच म्हणालीस." तो हसला, पण हसणं बरं नव्हतं. "तुमच्या सगळ्यांच्या तोंडात साखर हाय. माझे डोळे साखरंनं गेले, आता कान बी जायची पाळी आलीया. मला खरं सांगणारं एक माणूस ऱ्हायलं न्हाय या गल्लीत. मी पोराला धाडू कशाच्या जीवावर?"

मला राग आला. इतकी वर्षं घसा फोडून मॅच सांगितली त्याचं हे फळ. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यानं मला बोलू दिलं, आणि मग शांतपणे म्हणाला, "आयतवारी निपाणीला मॅच हाय. आपण दोघंच जायचं. ट्रॅक्सनं न्हाय, बसनं. आणि बसायचं त्यांच्या लोकांत. ती काय आपल्या पोराचं कौतुक करायची न्हाईत. आणि तू मॅच संपस्तवर तोंड उघडायचं न्हाय, कबूल कर."

आता बाहेरच्या मॅचला जाऊन समोरच्या टीमच्या माणसांत बसायचं हे आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. आपली माणसं एका बाजूला, त्यांची दुसऱ्या बाजूला, मधे मैदान. अण्णानंच एके काळी कुणाला तरी त्यावरून झापलेलं मला आठवत होतं. पण त्याच्यापुढं कोण बोलणार. आणि बोलायची नाही असं मी कबूल केलंच होतं.

सकाळी बसस्टँडवर गर्दी होती. कर्नाटकात बायकांना बसचं तिकीट माफ झाल्यापासून निपाणीच्या बसला जागा मिळवायची म्हणजे फुटबॉलच. मी अण्णाला दाराशी उभा करून आत घुसले, जागेवर पिशवी टाकली, आणि मग त्याला हाताला धरून वर घेतला. कंडक्टरनं कानडीत "आधार तोरस्री" म्हटलं, मी आधार कार्ड दाखवलं, त्यानं माझं शून्याचं तिकीट फाडलं आणि अण्णाचा पास बघितला.

काकतीच्या पुढं आमच्या दोन्ही ट्रॅक्स आम्हाला ओलांडून गेल्या. खिडकीतून झेंडा बाहेर काढलेला, पोरं छपरावर थापा मारतायत. माझ्या जागेवर कोण बसलंय ते बघायला मी मान वाकडी केली. दिसलं नाही. जीव चुटपुटला.

"गेल्या व्हय आपल्या?" अण्णानं विचारलं. आवाजावरून त्याला कळलं होतं.

"गेल्या."

"पोराला म्हायती न्हाय न्हवं, आपण येतोय ते?"

"न्हाय." मी पोराला सांगितलं होतं की अण्णाला सर्दी आहे, आम्ही घरीच आहोत; आणि वहिनीला, की अण्णाला दिवसभर माझ्या घरी नेते.

संकेश्वरात चहा घेतला, बिनसाखरेचा. तवंदीचा घाट उतरताना अण्णा म्हणाला, वारं बदललं, आली निपाणी. आयुष्यात किती वेळा तो हा घाट हातमोजे मांडीवर ठेवून उतरला असेल. त्या दिवशी त्याचे हात नुसतेच गुडघ्यावर होते. मी बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मैदान तांबड्या मातीचं, एका बाजूला दगडी पायऱ्या. स्पीकरवर एक गृहस्थ कॉमेंट्री करत होते, पण त्यांचं निम्मं लक्ष मैदानापेक्षा व्यासपीठावर कोण आलं आणि कोणी कोणाला हार घातला याकडं होतं. त्यांच्या जीवावर मॅच कळणं कठीण. समोरच्या बाजूला आमचे लोक उभे होते, लाल-काळे. मी पदर डोक्यावरून घेतला आणि अण्णाला घेऊन निपाणीकरांच्या मधोमध पायरीवर जाऊन बसले.

आमच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. अण्णाच्याच वयाचे, पांढरा शर्ट, मांडीवर भाजलेल्या शेंगांचा कागद. मॅच सुरू व्हायच्या आधीच त्यांची रेफ्रीला, मैदानाला आणि स्वतःच्या टीमच्या कोचला नावं ठेवून झाली होती. अण्णानं ते ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"पावणं," अण्णा त्यांच्याकडं तोंड करून म्हणाला, "मला दिसत न्हाय. जरा सांगत बसशीला का मॅच?"

गृहस्थांनी अण्णाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आक्का सांगत न्हाईत व्हय?"

"तिला काय कळतंय फुटबॉलातलं," अण्णा म्हणाला. "माझ्या सोबतीला आलीया."

तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफसाईड म्हणजे काय ते गल्लीतल्या दोन पिढ्यांना मी शिकवलंय. पण कबूल केलं होतं. मी मूग गिळून बसले आणि गृहस्थांनी पुढं केलेल्या शेंगा घेतल्या.

मॅच सुरू झाली. गृहस्थ सांगायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, चांगले सांगत होते. बॉल कुठं आहे, कुणाकडं आहे, कुणाला द्यायला हवा होता आणि त्या गाढवानं कुणाला दिला. अण्णा मधे मधे एखादाच प्रश्न विचारायचा, आणि तो नेहमी एकच असायचा. "त्यांचा कीपर कुठं हुबा हाय?" गृहस्थांना वाटलं असणार, म्हाताऱ्याला कीपरचं भारी वेड.

थोड्या वेळानं निपाणीला कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला. माझा भाचा गोल सोडून पुढं आला, उडी मारली, आणि बॉल त्याच्या हाताच्या वरून गेला. त्यांच्या एकानं डोकं लावलं. गोल. आजूबाजूचं सगळं मैदान उठून नाचायला लागलं आणि मी पायरीला धरून बसले.  घरच्या मैदानावर असते तर आत्ता मी म्हणाले असते, सूर्य डोळ्यांवर होता वो त्याच्या.

"काय झालं?" अण्णानं विचारलं.

"हुतंय काय, गोल झाला आमचा," गृहस्थ खाली बसत म्हणाले. "त्यांचं येडं कीपर भायेर आलं. यायचं तर बॉल घेऊन जायचा, न्हायतर घरात बसायचं. मधीच हुबा ऱ्हायला, शेतातल्या बुजगावण्यागत."

"वरडला का?"

"कोण?"

"कीपर. भायेर येताना, माझा म्हणून वरडला का? मला तर आयकू आला न्हाय."

गृहस्थांनी विचार केला. "न्हाय बा. गप आला, गप गेला."

अण्णानं मान हलवली. मी त्याच्याकडं बघितलं. त्याला वाईट वाटलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. पण त्याबरोबर आणखी काहीतरी होतं. कित्येक महिन्यांत कुणी त्याच्याशी असं बोललं नव्हतं. हाफटाईमपर्यंत गृहस्थांनी माझ्या भाच्याला आणखी दोनदा नावं ठेवली, एकदा बॉल लांब मारला नाही म्हणून आणि एकदा मारला म्हणून. दुसऱ्या वेळी तर उगाचच. मी पिशवीचे बंद पिळत बसले. अण्णा खुशाल ऐकत होता.

हाफटाईमला मी हळूच त्याच्या कानाशी म्हणाले, "झालं समाधान? चल जाऊया."

"बस खाली," अण्णा म्हणाला.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या टीमनं बरोबरी केली. समोरून आमच्या लोकांचा आवाज आला आणि मी मांडीला चिमटा काढला. मग निपाणीवाले चवताळून वर आले. त्यांच्या फॉरवर्डनं मोकळा बॉल बाहेर घालवला, तसे गृहस्थ उभे राहून ओरडले, "आंधळा हाईस का रं?" आणि लगेच त्यांना भान आलं. "ऱ्हाऊ द्या वो, अण्णा, तसं न्हाय—"

अण्णा मोठ्यानं हसला. "म्हणा की. मी काय फॉरवर्ड न्हाय."

आणि मग ते झालं. त्यांचा एक पोरगा आमच्या बचावातल्या शेवटच्या गड्याला, स्टॉपरला, चकवून सुटला. पुढं कुणीच नाही, फक्त माझा भाचा. गृहस्थ सांगत होते, "सुटला, आमचा सुटला, एकटाच हाय, आता गोलच—" आणि माझ्या भाच्यानं या वेळी घोटाळा केला नाही. तो सरळ पुढं आला, अंग टाकलं, आणि पायातून बॉल काढून छातीशी घेतला. फॉरवर्ड त्याच्यावरून पलीकडं जाऊन पडला.

आसपासचे सगळे गप्प झाले. त्या शांततेत मी उभी राहिले होते आणि माझा सातवीच्या वर्गातला आवाज मैदानभर गेला. "शाब्बास रं माझ्या राजा!"

म्हणाले आणि कळलं. पुढच्या पायरीवरच्या माना वळल्या. मैदानात माझ्या भाच्यानं डोकं वर करून आमच्या बाजूला बघितलं. त्यानं आवाज ओळखला होता. मी खाली बसले. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गृहस्थ माझ्याकडं बघत होते. "बेळगावच्या व्हय तुम्ही?"

मी मान हलवली.

"आणि त्यो कीपर?"

"भाचा हाय माझा. ह्यांचा पोरगा."

त्यांनी अण्णाकडं बघितलं. शेंगांचा कागद गुंडाळला. मघापासून काय काय बोललो ते त्यांना आठवत असणार.  खेळ सुरू झाला, बॉल इकडून तिकडं जायला लागला, आणि अण्णा मधे तोंड वर करून बसलेला, कुणी सांगायलाच नाही. मला स्वतःचाच संताप आला. एवढी तंगडतोड करून तो जे शोधायला आला होता, ते मी एका ओरडण्यात घालवलं होतं. आता हा माणूसही आमच्या गल्लीतल्यासारखा गोड बोलणार.

शेवटी मीच सांगायला लागले. "आपला बॉल हाय अण्णा. घालवला. त्यांच्याकडं गेला. लांबून मारला... आणि काडली. काय काडली बघ, बोटांनी वर ढकलली."

"खोटं सांगू नका आक्का," गृहस्थ एकदम म्हणाले. त्यांना राहवलं नाही. "ती वरनंच चालली हुती. त्यानं हात बी लावला न्हाय."

"लावला की. न्हायतर कॉर्नर दिला असता का?"

"दिला कुठं? गोलकिक दिलीया. बघा की तिकडं."

मी बघितलं. गोलकिकच होती, म्हणजे हात लागलाच नव्हता.

अण्णानं एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दुसरा त्यांच्या. "तुम्ही दोघं असंच भांडत ऱ्हावा," तो म्हणाला. "आता मला मॅच दिसाय लागली."

मग आम्ही शेवटपर्यंत भांडलो. मी एक सांगायची, ते खोडून काढायचे, मी अडून बसायची, आणि दोन्हींच्या मधलं काय ते अण्णा घ्यायचा. एकदा त्यांनीच भाच्याची बाजू घेतली आणि मी दोष दिला, तेव्हा तिघंही हसलो. शेवटच्या मिनिटांत निपाणीनं दुसरा गोल केला. आमच्याच स्टॉपरच्या पायाला लागून बॉल आत गेला. आम्ही हरलो.

उठताना अण्णानं त्यांचा हात धरला. "पावणं, एक सांगा. आता तुम्हाला म्हायती हाय ते इसरून सांगा. पोरगं कसं हाय?"

त्यांनी मैदानाकडं बघितलं. मला वाटलं, आता गोड बोलतील.

"पयला गोल त्याचाच," ते म्हणाले. "ते मी बदलायचा न्हाय. उंच बॉलला कच्चं हाय. पण ती पायातनं काडली ती... त्यो आमचा गोल हुता अण्णा. आमच्या पोराला घरी जाऊन जेवण जायाचं न्हाय. ह्ये मला आवडलं म्हणून सांगत न्हाय. मला काय आवडलंय?"

आणि ते रेफ्रीला शिव्या घालत निघून गेले.

आम्ही मैदानाच्या फाटकाशी थांबलो. भाचा धावत आला, अंगभर तांबडी माती, कोपर सोललेलं. धापा टाकत म्हणाला, "अण्णा, तुम्हाला सर्दी हाय म्हणत हुती आत्ती."

"पयला गोल तुझा," अण्णा म्हणाला. नमस्कार नाही, खुशाली नाही. "भायेर येताना तोंड शिवलं हुतं का रं? माझा म्हणून वरडायला काय पैसं पडत्यात? सगळ्या निपाणीनं बघितलं, बुजगावण्यागत हुबा ऱ्हायलास मधी."

पोरगं बघतच राहिलं. बापाचे डोळे गेल्यापासून त्याला घरात, गल्लीत, कुणी एक कडू शब्द बोललं नव्हतं. त्याचे ओठ हलले आणि ते मातीनं माखलेल्या तोंडानं रडायला लागलं, हमसून हमसून. मी पुढं झाले, तर अण्णानं मला हातानं मागं केलं.

"मला बी तेच वाटत हुतं अण्णा," पोरगं रडता रडता म्हणालं. "सगळी म्हणायची भारी खेळलास. मला म्हायती असायचं, न्हाय खेळलो. मी खरंच बरा हाय का न्हाय, मलाच कळंना झालतं."

"म्हणूनच जा बेंगळूरला," अण्णा म्हणाला. "तिथं तुझ्या बापाला कुणी वळखत न्हाय. चुकलास तर तोंडावर सांगतील."

वहिनी महिनाभर आम्हा दोघांशी नीट बोलली नाही. फौंड्रीतल्या जागेवर दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा लागला. भाचा गेला. पहिल्या मॅचच्या संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. अण्णानं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि कितीतरी दिवसांत हसला नव्हता तसा खदखदून हसायला लागला. वहिनी हातातली परात ठेवून बाहेर आली.

"काय झालं वो?"

"दोन गोल खाल्ले म्हणतोय," अण्णा म्हणाला. "आणि दोन्ही सोताच्याच चुकीनं म्हणतोय."